उद्या डबा नको: १२ टेस्टर, सगळ्यांचे ५ स्टार, तरी लोक आत्याला फोनच करतात

सराफ्यातला_निशाचर (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. सुदामा नगरला माझी आत्या डबे देते, साधारण ७० घरं, अर्धी पीजीत राहणारी पोरं आणि अर्धे एकटे आजी-आजोबा ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर बेंगलोरला. दिवसभर तिचा फोन वाजत असतो, उद्या नको, आज एक जास्त, भात नको नुसत्या पोळ्या, म्हणून मी नोकरी सांभाळून रात्री बसून फ्लटरमध्ये (गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) एक अ‍ॅप केलं. दुपारचा एकच डबा असतो, सकाळी ६ ला भाजी चिरायला घेतात, त्याच्या आत "उद्या डबा नको" हा स्विच चालू करायचा, बस.

प्ले स्टोअरचं तुम्हाला माहीतच असेल, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे ठरावीक माणसांनाच देऊन चाचणी, करावी लागते, पूर्वी २० जण लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२ केले, ते सलग १४ दिवस जोडलेले राहायला हवेत. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडून १२ जमवले. १४ दिवसांत एकही बग आला नाही. सगळे म्हणाले मस्त आहे, छान आहे, एका काकांनी तर "प्रगती आहे" असं लिहिलं.

आता महिना झाला. पोरं वापरतात, आजी-आजोबा फोनच करतात. त्यात गेल्या आठवड्यात एका आजोबांना मंगळवारी डबा गेलाच नाही, ते बिचारे दीडपर्यंत वाट बघत बसले, मग पोहे करून खाल्ले. ते म्हणतात मी बुधवारचा नको म्हटलं होतं. मी कोड दहा वेळा बघितला, लॉजिक बरोबर आहे, माझ्या फोनवर दर वेळी बरोबरच चालतं. आत्या म्हणते तुझं यंत्र काढून टाक आणि माझी वही मला परत दे. टेस्टिंगमध्ये नेमकं काय करायचं राहिलं?

रामबागची_टेस्टर (इंदूर)

अरे दादा, ते १२ टेस्टर नव्हते, ती हळदीकुंकवाची हजेरी होती. आले, वाण घेतलं, गेले. गूगलच्या अटीसाठी ते ठीक आहे पण त्यातून अ‍ॅप कसं आहे ते कळत नाही, घरचे लोक तुझ्या अ‍ॅपला नाही तुला मार्क देतात.

आधी एक सांग, त्या आजोबांनी स्विच किती वाजता दाबला? लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदीत, असेल बघ.

सराफ्यातला_निशाचर

मंगळवारी पहाटे ४:४० ला. ते ४ ला उठतात. पण त्याचा काय संबंध?

रामबागची_टेस्टर

तोच तर संबंध आहे. तुझा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालत असणार, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे इथे पहाटेचे ५:३० वाजेपर्यंत सर्व्हरच्या दृष्टीने कालचाच दिवस चालू असतो. आजोबांचा मंगळवार उजाडला होता, सर्व्हर अजून सोमवारी रात्री ११:१० ला बसला होता, त्याचा उद्या म्हणजे मंगळवार. त्याने मंगळवारचा डबा कापला. तू टेस्ट करतोस ऑफिसातून आल्यावर रात्री ९-१० ला, तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच असते मग तुला काय दिसणार. तारखेचं काही असलं की मी रात्री ११:५९, १२:०१ आणि पहाटे ५:२९, ५:३१ हे चारही बघते, शिवाय महिनाअखेर.

दुसरं म्हणजे तो स्विच. मला तुझं वर्णन वाचूनच गोंधळायला झालं. "उद्या डबा नको" हे चालू केलं की स्विच हिरवा होतो ना? मग साठ-सत्तरीच्या माणसाला हिरवं म्हणजे डबा येणार असंच वाटणार, नकाराला हिरवा दिवा कोण लावतं. माझ्या मते लोक फोन करतात ते अ‍ॅप येत नाही म्हणून नाही, आपण जे दाबलं ते लागलं का याची खात्री होत नाही म्हणून.

आता बसायचं कसं ते सांगते, ९ वर्षं हेच काम करते आहे म्हणून हक्काने. एका आजींकडे जा, फोन त्यांचाच, त्यांच्याच हातात. त्यांना "उद्या डबा नको कुठे आहे ते दाबून दाखवा" असं अजिबात म्हणायचं नाही, ते तर तू उत्तरच सांगितलंस. म्हणायचं, आजी मंगळवारी तुम्ही देवासला लेकीकडे जाणार आहात, डब्याचं काय कराल? आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड आहे, आपण केलेली चीज कोणी चुकीच्या जागी दाबत असलं की जीव वर येतो, तोंडातून "नाही नाही, वरती" निघतंच. मी चहाचा कप हातात ठेवते, बोलावंसं वाटलं की घोट घ्यायचा. कधीकधी दोन कप होतात. त्या कुठे थांबल्या, कुठे चष्मा वर केला, कुठे अंगठा नुसता फिरवला, एवढं लिहून आण. नंतर "आवडलं का" विचारू नकोस, इंदुरात पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही, वर पोह्यांवर शेव घालून देतील.

आणि हो, त्यांच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी केलेली असतील, तिथे मराठीचे हाल बघ. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ओळीची उंची ठरवून टाकलेली होती, मोठ्या अक्षरात वरची मात्रा कापली जायची. मेनूत "पोळी ४" होतं ते "पाळी ४" दिसायला लागलं. दोन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही कारण सगळी टीम अ‍ॅप इंग्रजीत बघत होती.

मांडवीकर (वडोदरा)

रामबागवाल्या ताईंचं बरोबर आहे पण एका आजींकडे बसून आला आणि सगळं बदललं असंही करू नकोस भाऊ, मी केलंय, पस्तावलोय. याकोब नील्सन म्हणून वापरसुलभतेचे तज्ज्ञ आहेत, त्यांचा २००० सालचा लेख आहे, ५ माणसांवर बघितलं तरी साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात, हिशेब असा की एकेका माणसाकडून सरासरी ३१ टक्के दिसतात आणि मग तेच तेच पुन्हा यायला लागतं. पण हे एका प्रकारच्या माणसांचं झालं. तुझ्याकडे दोन जाती आहेत, पीजीतली पोरं आणि आजी-आजोबा, तर प्रत्येकातले ३-४ घे.

प्ले कन्सोलच्या (अ‍ॅप करणाऱ्याला प्ले स्टोअर आकडे दाखवतं ते पान) आकड्यांवर जाऊ नकोस. क्रॅश १.०९ टक्के आणि अ‍ॅप गोठणं ०.४७ टक्के, दिवसाच्या वापरणाऱ्यांत याच्या वर गेलं की प्ले स्टोअर अ‍ॅप मागे ढकलू शकतं, पण तो हिशेब शोभतो लाखोंच्या अ‍ॅपला. तुझ्या ७० घरांत एकाचं बंद पडलं तरी १.४ टक्के होतात.

पैसे अ‍ॅपमधूनच घेतोस का? मग यूपीआय बघच. तुझ्या अ‍ॅपमधून माणूस यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, आणि फोन कमी रॅमचा असला तर तेवढ्यात तुझं अ‍ॅप मागच्या मागे मारलं जातं. परत येतो तर पहिला स्क्रीन, पैसे गेले का नाही काही पत्ता नाही, तो परत भरतो. हे घरी बघायचं असेल तर फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज" चालू कर, जे जे तुटायचं ते लगेच तुटेल. आणि एक जुना फोन विकत घे, तुझ्या फोनवर सगळंच पळतं.

लष्करकर (ग्वाल्हेर)

जुना फोन तर घेच, आणि त्यात नेटवर्क मुद्दाम २जी वर टाकून बघ. लोक लिफ्टमध्ये दाबतात, चक्र फिरत राहतं, परत दाबतात. आमच्याकडे अशाने एका माणसाच्या तीन ऑर्डर गेल्या होत्या, तिन्ही घेतल्या त्याने, शेजाऱ्यांना वाटल्या, पण पैसे एकाचेच दिले.

सराफ्यातला_निशाचर

रविवारी बसलो. जेल रोडवरून एक ३ जीबीवाला जुना फोन घेतला, तीन आजी-आजोबा आणि तीन पोरं केली. ताई, चहा दीड कप लागला.

स्विचचं तुम्ही म्हणालात तसंच. पहिल्या आजींनी चालू केला, हिरवा झाला, त्या म्हणाल्या "हां, आता येईल." म्हणजे मी सांगितलं देवासला जाणार आहात आणि त्या समाधानाने डबा मागवून मोकळ्या. दुसऱ्या आजोबांनी दाबलाच नाही, त्यांना ती लिहिलेली सूचना वाटली. तिसऱ्या काकूंची गंमतच, पिनकोडच्या खान्यात मी साधा कीबोर्ड ठेवला होता, त्यांनी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले, माझं अ‍ॅप म्हणे "पिनकोड चुकीचा आहे". काकू चाळीस वर्षं त्याच घरात राहतात, त्या माझ्याकडे असं काही बघायला लागल्या की मीच ओशाळलो. आता दोन्ही आकडे चालतात.

यूटीसीचंही ताईंचं अचूक निघालं, सर्व्हरला इंदूरची वेळ शिकवली. आणि आता नवीन रडगाणं. माझा मित्र पीजीत राहतो, आम्ही सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खात उभे होतो, रात्रीचे साडेबारा, त्याने "उद्या नको" दाबलं. त्याच दुपारी डबा दारात! तो म्हणतो मी झोपलोच नव्हतो तर उद्या म्हणजे सकाळचाच ना. आधीच्या चुकीच्या कोडमध्ये त्याचं बरोबर चालत होतं!! दुरुस्त केलं तर बिघडलं. आता आजोबांचं ऐकू की मित्राचं?

रामबागची_टेस्टर

दोघांचंही बरोबर आहे, चूक "उद्या" या शब्दाची आहे. तो शब्दच काढ. "मंगळवार, १४ तारीख" आणि "बुधवार, १५ तारीख" असे दोन ठोकळे दाखव, प्रत्येकात दोनच बटणं, "डबा हवा" आणि "डबा नको", जे निवडलं ते ठळक. दाबल्यावर खाली पूर्ण वाक्य, "मंगळवारी डबा येणार नाही". आजोबा वाचतील आणि तुझा मित्र कीस खाता खातासुद्धा वाचेल. बटणाची उंची ४८ डीपीच्या (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) खाली नको, अँड्रॉइडचं तेच सांगणं आहे, फोनवर ते साधारण ९ मिलिमीटर भरतं.

आणि एक राहिलं, सगळ्यांकडे बसलास, आत्याकडे बसलास का? रोजची यादी तर ती बघते ना?

सराफ्यातला_निशाचर

नव्हतो बसलो. काल सकाळी ६ ला गेलो. तिचा फोन फ्रीजवर उभा असतो, हात कणकेचे, यादी वर सरकवायची तर करंगळीचं पेर वापरते, मी केलेली ती बारीक खूण तिला लागतच नाही, दोनदा चुकीचं घर कापलं गेलं आणि ती शांतपणे परत वहीकडे वळली. म्हणजे वही का सुटत नाही ते आता कळलं. तिचा स्क्रीन अख्खाच नव्याने करतोय, एका ओळीत एकच घर, कुठेही टेकवलं तरी चालेल असा.

ठोकळे लावून आठ दिवस झाले, "डबा नको म्हटलं ते लागलं ना" असे फोन जवळजवळ बंद. आता आजी लोक भाजी काय आहे ते विचारायला फोन करतात. ते पण अ‍ॅपमध्ये टाकू का म्हटलं तर आत्या म्हणाली अजिबात नको, मलाच ते सकाळी ६ ला कळतं.