विवेकस्वातंत्र्याची मागणी पहिल्यांदा कट्टर श्रद्धाळूंनीच का केली?

प्रश्न

युरोपातील धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपण थेट इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या सहिष्णुतेवरील १६८९ च्या पत्राकडे जातो आणि श्रद्धा सैल झाल्यावरच सहिष्णुता आली असे गृहीत धरतो. पण सध्या मी इंग्लंडमधील सुरुवातीच्या बॅप्टिस्टांविषयी (बालपणी नव्हे, तर समजून श्रद्धा स्वीकारल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणारा ख्रिस्ती पंथ) वाचतो आहे, आणि हे लोक तर स्वतःच्या मतांबाबत कमालीचे हट्टी होते. आपलेच मत खरे अशी ज्यांची पक्की खात्री, त्यांनी इतरांना मोकळीक का मागावी? की छळ सोसणाऱ्याने सुटकेसाठी केलेला तो युक्तिवाद होता आणि सत्ता हाती येताच तो विसरला गेला असता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १

केवळ स्वतःच्या सुटकेसाठी मागणी असती तर ती स्वतःपुरतीच राहिली असती. बॅप्टिस्टांचे एक आद्य पुढारी टॉमस हेल्विस ॲम्स्टरडॅममधील आश्रय सोडून लंडनजवळच्या स्पिटलफील्ड्स येथे परतले आणि १६१२ मध्ये त्यांनी छापलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की माणूस पाखंडी असो, तुर्क (म्हणजे मुसलमान) असो वा ज्यू, त्याला धर्मासाठी शिक्षा करण्याचा कोणताही अधिकार ऐहिक सत्तेला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बार्थोलोम्यू लेगेट आणि एडवर्ड वाइटमन यांना पाखंडाबद्दल जिवंत जाळण्यात आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याचे मोल कळते. राजा जेम्स यांच्यासाठीच्या प्रतीवर हेल्विस यांनी स्वहस्ते लिहिले की राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. पुढे हेल्विस यांना लंडनमधील न्यूगेटच्या तुरुंगात टाकले गेले.

त्याच तुरुंगातील एका कैद्याची हकिगत पुढे अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत गेलेले धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांनी नोंदवली आहे. कैद्याला शाई मिळत नसे. दुधाच्या बाटलीला बूच म्हणून लावलेले कागद मित्राकडून येत, त्यांवर तो दुधानेच लिही आणि ते परत जात. बाहेर मित्र कागद विस्तवाजवळ धरी, मग अक्षरे उमटत. छळाविरुद्धचा युक्तिवाद दुधाने लिहिला गेला आणि त्याला मिळालेले उत्तर रक्ताने, असे विल्यम्स म्हणतात. मला तरी या सगळ्या वाङ्मयात याहून बोलके वाक्य आढळलेले नाही.

उत्तर २

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे सत्ता आल्यावर काय, याची कसोटी विल्यम्स यांच्याच आयुष्यात लागली. १६३५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने त्यांना हद्दपार केले, १६३६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवले, आणि १६४४ चे त्यांचे धार्मिक छळाविरुद्धचे पुस्तक इंग्लंडच्या पार्लमेंटने जाळण्याचा हुकूम दिला. त्यांचा मुद्दा धार्मिकच होता : जबरदस्तीने करवून घेतलेली उपासना देवाला किळसवाणी वाटते, कारण ती खोटी असते. म्हणजे मोकळीक हवी होती ती श्रद्धा निर्भेळ राहावी म्हणूनच.

त्यांना क्वेकरांची (पाद्री व विधी नाकारून अंतःप्रकाशावर भर देणारा ख्रिस्ती पंथ) मते मुळीच पटत नव्हती. तरीही १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी क्वेकरांना हाकलण्याची मागणी केली तेव्हा प्रॉव्हिडन्स ज्यात होते त्या ऱ्होड आयलंड वसाहतीने नकार दिला. मॅसॅच्युसेट्सच्या बॉस्टनने मात्र १६६० मध्ये क्वेकर मेरी डायर यांना फाशी दिली. सत्तरीकडे झुकलेले विल्यम्स १६७२ मध्ये दिवसभर स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेले, ते क्वेकरांशी जाहीर वाद घालायला. वाद कडवट झाला, पण कोणाला तुरुंगात घातले गेले नाही.

उत्तर ३

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो, कारण विल्यम्स यांना आजचे उदारमतवादी ठरवणे योग्य नाही. १६५५ च्या पत्रात त्यांनी जहाजाचा दाखला दिला आहे : जहाजावरील कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू किंवा तुर्क यांपैकी कोणावरही जहाजाच्या प्रार्थनेची सक्ती होऊ नये, पण दिशा ठरवणे आणि शिस्त राखणे कप्तानाच्याच हाती राहील. क्वेकरांवरच्या आपल्या पुस्तकात तर त्यांच्या काही वागण्याला ते असभ्यता म्हणतात आणि ती विवेकाच्या नावाखाली असली तरी तिला माफक शिक्षा व्हावी असे सुचवतात. विवेक कुठे संपतो आणि वर्तन कुठे सुरू होते, ही रेषा त्यांनाही सरळ आखता आली नाही. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातही सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यासोबत सार्वजनिक सुव्यवस्थेची अट आहेच, तेव्हा हा जहाजाचा दाखला आपल्याला परका वाटू नये.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मी श्रद्धेची तीव्रता आणि सक्ती या दोन गोष्टी एकच धरून चाललो होतो, तिथेच माझी चूक झाली. आता विल्यम्स यांचे जहाजाचे पत्र आणि क्वेकरांवरचे पुस्तक समोरासमोर ठेवून वाचतो.