राज्य बदलले की ऑक्युपेशनल थेरपिस्टचा परवाना चालतो का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): माझी मुलगी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात परवानाधारक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी उपचार देणारी तज्ज्ञ) आहे. तिच्याकडे येणारा सात वर्षांचा मुलगा नुकताच शर्टाची वरची दोन बटणे स्वतः लावू लागला होता आणि तेवढ्यात त्याचे कुटुंब न्यूयॉर्कला गेले. व्हिडिओवरून उपचार चालू ठेवता येतील का?

उत्तर १: ताई, थेरपिस्ट कुठे बसली आहे यापेक्षा उपचाराच्या वेळी रुग्ण कुठे आहे हे तिथे महत्त्वाचे असते, त्यामुळे व्हिडिओवरच्या उपचारालाही सर्वसाधारणपणे न्यूयॉर्कचा परवाना लागेल. एनबीसीओटीची (ऑक्युपेशनल थेरपिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी राष्ट्रीय मंडळाची) परीक्षा देशपातळीवरची असली, तरी परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. मुलाची प्रगती मोडू नये ही तळमळ मला समजते, पण विनापरवाना एकही सत्र घेऊ नये.

उत्तर २: यात एक भर घालतो. ऑक्युपेशनल थेरपीच्या आंतरराज्य करारात व्हर्जिनिया आणि मेरीलँड ही राज्ये 2021 मध्येच सामील झाली. मूळ राज्यात वास्तव्य आणि निर्बंधरहित परवाना असल्यास दुसऱ्या सदस्य राज्यात काम करण्याची मुभा मागता येते, मात्र नियम रुग्णाच्या राज्याचेच पाळावे लागतात. संबंधित राज्याने मुभा देणे प्रत्यक्षात सुरू केले आहे का, हे अर्जापूर्वी तिथल्या परवाना मंडळाकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. परवाना मिळेपर्यंत न्यूयॉर्कमधल्या थेरपिस्टकडे त्याच्या नोंदी, पालकांच्या संमतीने, सोपवायला तिला आजच सांगते.