'मंडळीचे छप्पर गळते आहे'

ओळदुरुस्ती : एका प्रवचनाचे भाषांतर करतोय. मुख्य वाक्य असे : 'आपण चर्चला जात नाही, आपण चर्च आहोत.' मराठी बायबलमध्ये 'मंडळी' रूढ आहे म्हणून तोच शब्द सगळीकडे घातला, तर पुढे 'मंडळीचे छप्पर गळते आहे' असे होऊन बसले. इमारतीला 'उपासनामंदिर' केले की छपराचा प्रश्न सुटतो, पण मुख्य वाक्य मरते. काय करावे?

कानामात्रा : ते मरणारच. इंग्रजीत एकच शब्द माणसांना आणि इमारतीलाही चालतो, म्हणून तिथे कोटी जमते. मराठी मंडळीला भिंती कधी नव्हत्याच. मत्तय 16:18 मधली 'मी आपली मंडळी रचीन' ही ओळ वाचून कोणी विटा मोजत नाही. (क्रियापद मात्र बांधकामाचेच आहे, ग्रीकमध्येही.)

खडूफळा : मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. 'एक' म्हणजे बाहेर, 'कालेओ' म्हणजे बोलावणे. जगातून बाहेर बोलावलेले ते लोक. त्यापुढे 'मंडळी' अगदीच पानसुपारीची वाटते.

अनुस्वार : ही फोड व्यासपीठावर शोभते, कोशात नाही. अथेन्सच्या नागरिकांची सभाही एक्लेसियाच होती. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात घसा फोडणाऱ्या जमावालाही हाच शब्द आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण कशाला जमलो हेही ठाऊक नव्हते. मराठीत तिथे 'सभा' केले, ते बरोबरच. पावित्र्य येते ते 'देवाची' या षष्ठीतून. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलच्या 'काहाल'साठी, म्हणजे जमलेल्या लोकांसाठी, हा शब्द आधीच वापरात होता.

जुनापुराणा : चर्चा करतात ते चर्च, असे नसेल ना?

अनुस्वार : नाही हो. 'चर्चा' संस्कृत. 'चर्च' ग्रीक 'कुरिआकोन'वरून, म्हणजे प्रभूचे (घर). उलट कोकणी 'इगर्ज' पोर्तुगीजमार्गे एक्लेसियावरूनच आली आणि इमारत झाली. घराचा शब्द माणसांना लागला, माणसांचा घराला.

खडूफळा : मग 'चर्च' काढूनच टाका. कॅथलिक मराठीत 'ख्रिस्तसभा' हा स्वच्छ शब्द आहे.

कानामात्रा : आहे, पण ती सगळ्या जगाची मिळून एक असते. घरात जमणाऱ्या पंधरा जणांना ख्रिस्तसभा म्हणून पाहा! रोमकरांस 16:5 मध्ये प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातली मंडळी आहे. तिथे 'मंडळी'च बसते. आणि शब्द काढून टाकणे इतके सोपे नसते. टिंडेलने 1526 च्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च'ऐवजी 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेले लोक, असे लिहिले. त्यावर कॅथलिक पंडित टॉमस मोर तुटून पडला. पुढे इंग्लंडच्या जेम्स राजाच्या बायबल-भाषांतरकारांना तर नियमच घालून दिला होता : 'चर्च' हा जुना शब्द हलवायचा नाही.

अनुस्वार : मूळ वाक्याकडे येतो. मराठीतली अडचण वेगळी आहे. आपल्याकडे मंडळी 'जमते' आणि 'पांगते'. पांगली की उरत नाही. कृत्ये 8 मध्ये नेमके उलट घडते. छळ सुरू होऊन यरुशलेमचे विश्वासणारे पांगतात, आणि तिसऱ्या वचनात शौल (पुढचा प्रेषित पौल) घरोघर घुसून 'मंडळी'ची धूळधाण करतो. इमारत नाही, जमाव नाही, तरी मंडळी आहे. म्हणून मी लिहीन : 'उपासना सुटते, मंडळी सुटत नाही.'

ओळदुरुस्ती : हे आवडले. पण पुढे 'मंडळीने ठराव केला' की 'मंडळींनी'?

अनुस्वार : 'मंडळीने'. एक देह, एक ठराव. अनुस्वार दिला की लग्नाला आलेले पाहुणे होतात.

जुनापुराणा : आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, सात 'मंडळ्या'? समूहवाचक शब्दाचे अनेकवचन कानाला टोचते. माझ्या मते ते मराठी नव्हे.

कानामात्रा : टोळी-टोळ्या चालते ना? सात गावांना सात वेगळी पत्रे आहेत. प्रभू इफिसला रागावलाय ते स्मुर्णाला लागू नाही.

जुनापुराणा : टोळीची गोष्ट वेगळी. 'घरच्या मंडळ्या' म्हणून पाहा घरी.

खडूफळा : 'सात ख्रिस्तसभा'. अनेकवचनाचा प्रश्नच मिटला.

अनुस्वार : मिटला कसा? सभा एक की सात, ते रूपावरून कळतच नाही.