वर्षअखेरच्या गौरवसमारंभात विद्यार्थी आणि कर्मचारी दोघांनाही न्याय कसा द्यावा?

प्राध्यापिका, फोंडा:
नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयात पदवीच्या वर्गांबरोबर एका वर्षाची कौशल्य पदविकाही चालते आणि यंदा वर्षअखेरच्या गौरवसमारंभाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गेल्या वर्षी दीपप्रज्वलन, स्वागत आणि अहवालवाचन यांतच पहिला तास गेला. पुढे बक्षिसे इतक्या घाईत वाटली गेली की कोणाला कशासाठी बोलावले हे मागच्या रांगांत कळतच नव्हते, आणि प्रयोगशाळेतले परिचर, ग्रंथालयातले साहाय्यक, सफाई करणाऱ्या बाया यांची सगळ्यांची बोळवण आभारप्रदर्शनातल्या ‘सर्व शिक्षकेतर कर्मचारी’ या तीन शब्दांत झाली. २५ वर्षे सेवा झालेले आमचे एक परिचर त्या वेळी दाराशी उभे राहून जादा खुर्च्या रचत होते. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोघांचा गौरव एकाच कार्यक्रमात करावा की वेगवेगळा? आणि पदविकेच्या मुलांचे यश कशावर ठरवावे?

निवृत्त मुख्य लिपिक, डिचोली:
बाई, कार्यक्रम एकच ठेवा. वेगळा केला की कर्मचाऱ्यांचा सत्कार चहा-समोशापुरता उरतो, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. विद्यार्थ्यांच्या टाळ्या त्यांना मिळायला हव्यात, कारण त्यांनी काम विद्यार्थ्यांसाठीच केलेले असते.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे नावे. आपल्या गोव्यात अनेक आडनावे कागदोपत्री अजून पोर्तुगीज वळणाने लिहिली जातात. रोमन लिपीतला ‘एक्स’ तिथे ‘श’ म्हणून वाचायचा असतो आणि ‘कामोतीं’ म्हणून लिहिलेले घराणे कामत असते. बाहेरून आलेल्या निवेदकाच्या हाती तशीच यादी दिली, तर एका मुलीच्या तीन वर्षांच्या मेहनतीचा क्षण चुकीच्या उच्चारात विरून जातो. यादी देवनागरीत लिहून घ्या आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला त्याचे नाव स्वतः उच्चारायला सांगून निवेदकाकडून तसेच म्हणवून घ्या.

शिक्षक, केपे:
निवडीबद्दल लिहितो. एप्रिलमध्ये समारंभ ठेवला तर चालू वर्षाचा अंतिम निकाल हाती नसतो, त्यामुळे गुणानुक्रमाची बक्षिसे मागच्या वर्षाची असतात, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे. पदविकेसाठी मात्र केवळ गुणांवर विसंबू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रचनेप्रमाणे एका वर्षाच्या पदविकेच्या ६० श्रेयांकांपैकी (क्रेडिट) ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक अभ्यास हातांचा आहे. मग ज्या हॉटेलात, कार्यशाळेत किंवा बेकरीत तो मुलगा प्रशिक्षणाला होता, तिथल्या उस्तादांना बोलावून त्यांच्याच हस्ते प्रमाणपत्र का देऊ नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांबाबतही असेच आहे. दोन वर्षांत २४० तास काम पूर्ण करणारी मुलगी नेमके काय करत होती, हे एका वाक्यात सांगितले तरच त्या तासांना अर्थ येतो. माझ्या मते प्रत्येक सत्कारामागे असे एक खरे वाक्य हवे, आणि ते सापडत नसेल तर निवड पुन्हा तपासावी. पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटांवर आणले की या वाक्यांना वेळ सहज मिळतो.

माजी विद्यार्थिनी, काणकोण:
मला पदविका मिळाली तेव्हा आई पहिल्यांदाच आमच्या महाविद्यालयात आली होती. सगळे निवेदन इंग्रजीत होते. मी व्यासपीठावरून उतरले तेव्हा तिने प्रमाणपत्र पदराने पुसले, पिशवीत उभे ठेवले आणि मला विचारले, ‘हें कित्याक मेळ्ळें?’ म्हणजे हे कशासाठी मिळाले? मी तिला बसमध्ये सगळे समजावले, पण ते तिने सभागृहात, इतर आयांच्या शेजारी बसून ऐकायला हवे होते, असे मला आजही वाटते. म्हणून सरांनी सुचवलेले ते वाक्य कोकणीत किंवा मराठीत असू द्या. शिवाय समारंभ सकाळी ठेवा, बाई. संध्याकाळी उशीर झाला तर आमच्या भागातल्या पालकांना परतीची बस मिळत नाही.

प्राध्यापिका, फोंडा:
आपले सर्वांचे मनापासून आभार. वेळ सकाळी दहाची मागते आणि प्रशिक्षण देणाऱ्या दोन उस्तादांना मी स्वतः जाऊन आमंत्रण देते. परिचरांसाठी वाक्यही सुचले आहे: पहिल्या पावसात छत गळू लागले, तेव्हा त्यांनी रात्री येऊन सर्व सूक्ष्मदर्शक कोरड्या खोलीत हलवले होते, आणि दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक वेळेवर सुरू झाले. त्यांना हे आधी कळवावे की समारंभातच कळू द्यावे?

निवृत्त मुख्य लिपिक, डिचोली:
आधीच कळवा. त्या दिवशी खुर्च्यांचे काम दुसऱ्याकडे द्या आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुढच्या रांगेत जागा राखून ठेवा.