विषय: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नवी मुंबईला पाठवण्याबाबत

मंडळाच्या सर्व सभासदांस नमस्कार,
कोविडच्या काळात जमवलेले कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे, अजून आमच्याच तळघरात आहेत आणि महिनाअखेर ती जागा रिकामी करून द्यायची आहे. नेरुळला छोटा न्यास चालवणाऱ्या ताईंकडे हृदयाचे आणि फुप्फुसांचे गंभीर विकार असलेल्या मुलांची कुटुंबे येत असतात, त्यांनाच ही यंत्रे मिळावीत असे मला वाटते. डिसेंबरमध्ये मुंबईला जाणाऱ्यांपैकी कोण सामानातून एखादे नेऊ शकेल, ते कृपया कळवावे.
— मदतसाहित्य विभाग, न्यू जर्सी

दादा,
आपली तळमळ मी जाणते, परंतु कृपया एकही यंत्र पाठवू नये. ती तिकडच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ विजेवर चालणारी आहेत (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने) आणि इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ वीज आहे. शिवाय गरज निराळीच आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात, इतरत्रही शासकीय योजनांतून अनेकांचा उपचारखर्च भागतो; पण रुग्णालयातून सुट्टी झाल्यावर फेरतपासणीपर्यंत नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आईवडिलांनी राहायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. छातीचे हाड उघडून शस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलाला काही आठवडे बगलेत हात घालून उचलायचे नसते. एक हात मानेखाली आणि दुसरा बुडाखाली घालून उचलायचे असते. अशा मुलाला घेऊन एसटीने रात्रभर प्रवास करा, असे मला कोणालाही सांगवत नाही. अशा कुटुंबांसाठी खारघरच्याच कोपरा गावात दोन खोल्या भाड्याने मिळत आहेत आणि घरमालक अनामत रकमेसाठी पंधरवडाभरच थांबणार आहेत.
— नेरुळहून

नमस्कार,
केवळ विजेच्या मुद्द्यापुरते लिहितो. लोहार चाळीत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो. आमचा इथला मिक्सर ठाण्याला सासूबाईंकडे त्यावर वर्षानुवर्षे व्यवस्थित चालला. कोविडमध्येही यंत्रांची तपासणी तांत्रिक समितीनेच केली होती, तेव्हा ती निरुपयोगी ठरवण्यापूर्वी समितीला विचारले जावे, एवढीच विनंती आहे.
— तांत्रिक समिती

मिक्सरच्या उदाहरणाविषयी: ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही. कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांतून सोडतो आणि ते खडे नायट्रोजन धरून ठेवतात. ६० हर्ट्‌झचा कॉम्प्रेसर ५० वर सुमारे एकषष्ठांशाने मंदावतो, दाब कमी पडतो आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा मिळायला हवा तो ऑक्सिजन त्याहून बराच पातळ येऊ शकतो. नळीतून वारा तर येतच असतो, त्यामुळे मुलाच्या आईला काहीच कळत नाही. मी श्वसनोपचार विभागात काम करते आणि याबाबत तडजोड करू नये असे माझे ठाम मत आहे.
दुसरे असे की, हृदयाला मोठे छिद्र असलेल्या काही बाळांना जास्तीचा ऑक्सिजन अपायकारक ठरतो: फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावतात आणि आधीच जादा असलेला रक्तप्रवाह आणखी वाढतो. मुलांच्या हृदयतज्ज्ञाने सांगितल्याशिवाय घरी यंत्र लावूच नये. ही यंत्रे इथल्याच गरजूंना तपासून द्यावीत.
— श्वसनोपचार विभागातील सभासद

खोल्यांच्या अनामत रकमेविषयी लिहितो, कारण खरी अडचण तिथे आहे. आपले मंडळ परदेशात नोंदलेले असल्याने आपला निधी भारतात परकीय योगदान ठरतो. २०१० च्या परकीय योगदान (विनियमन) कायद्यानुसार तो त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तोही स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेला देऊ आणि ती ताईंच्या छोट्या न्यासाला देईल, हा मागील सभेतील प्रस्ताव बाद होतो. भारतीय नागरिक असलेल्या सभासदांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट पाठवलेली रक्कम मात्र परकीय धरली जात नाही. इथले नागरिकत्व घेतलेल्यांची धरली जाते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले तरीही. मी स्वतः त्यांतच मोडतो, याचे मला फार वाईट वाटते.
ताई, भाडेकरार कोणाच्या नावे होणार आणि न्यासाचे बँक खाते कोणते, ते आपण उद्यापर्यंत कळवावे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपापला आकडा मला वैयक्तिक पत्राने कळवावा. पैसे मंडळाच्या खात्यात कोणीही भरू नयेत; तेथून गेलेला प्रत्येक डॉलर परकीय योगदान ठरेल.
— खजिनदार