मदत हवी आहे: डाव्या पुढच्या चाकाचा फक्त आतला ब्रेक पॅड संपतोय (२००८ ची वॅगन आर)

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी,

गाडी २००८ ची वॅगन आर, पेट्रोल, ९६ हजार किलोमीटर झालेली. बाबांनी हौसेनं घेतलेली, आता मी चालवते. रत्नागिरीत खाडीजवळ घर आहे. गाडी रोज निघत नाही. महिन्यातून एकदा बाबांना तपासणीला कोल्हापूरला न्यायचं, म्हणजे आंबा घाट चढून-उतरून, आणि बाकी बाजारहाट.

गेल्या महिन्यात परतताना घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, तर डाव्या पुढच्या चाकापाशी करपल्यासारखा वास. रिमजवळ हात नेला तर झळ लागली. उजवीकडे तसं काही नाही. पुढे घरापर्यंत सावकाश आले. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी चाक न काढताच रिमच्या भोकातून बॅटरी मारली आणि म्हणाले, "पॅड भरपूर आहेत, घाटात ब्रेक तापणारच." मला पटेना, म्हणून चाक उतरवायला लावलं. भोकातून दिसतो तो बाहेरचा पॅड, आणि तो खरंच चांगला होता. आतला मात्र लोखंड डिस्कला (चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला) लागायच्या बेतात.

व्हर्निअरने मोजलं (फक्त मटेरियल, मागची लोखंडी प्लेट सोडून):
डावा आतला १.५ मिमी, डावा बाहेरचा ८ मिमी.
उजवा आतला ७.५ मिमी, उजवा बाहेरचा ८ मिमी.

हे पॅड चौदा महिन्यांपूर्वी घातलेत, आठ हजार किलोमीटरच झालेत. त्याआधीचा सेटही "डावीकडचा संपला" म्हणूनच बदलला होता, पण तेव्हा मी जुने पॅड बघायला मागितले नाहीत, ही चूक झाली. आता गॅरेजवाले परत नवा सेट टाकू म्हणतात. घाटामुळे झिजले असते तर चारही झिजले असते ना? एकच का?

आणखी दोन गोष्टी. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावताही गाडी किंचित डावीकडे जाते. आपल्याकडे रस्त्याला डावीकडे उतार असतोच, म्हणून इतके दिवस लक्ष दिलं नाही. आणि पावसात आठ-दहा दिवस उभी राहिली की पहिल्यांदा हलवताना डावीकडून 'टक' आवाज येतो.

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. बाबांना घेऊन घाट उतरायचाय, त्यामुळे कारण कळल्याशिवाय नुसते पॅड बदलून निघायची माझी तयारी नाही. काय काय आणि कुठल्या क्रमाने तपासू?

पाना-पक्कड:

ताई, जुने पॅड फेकू देऊ नका. चारहींवर मार्करने 'डावा आतला', 'डावा बाहेरचा' असं लिहून ठेवा. निम्मं निदान त्यांच्यातच आहे.

तुमच्या गाडीचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकता आहे. पिस्टन एकच, तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो आणि सगळं काम आतल्यावर पडतं. दुसरी शक्यता पिस्टनची. पाय उचलल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग वगैरे काही नसते, आतली चौकोनी काटछेदाची रबरी सीलच पिळा सोडताना त्याला केसभर मागे खेचते. पिस्टनला गंज चढला की सील हरते आणि आतला पॅड डिस्कला घासतच राहतो. वास, झळ, डावीकडची ओढ बघता मला पिस्टनचा संशय जास्त आहे, पण पिनाही बघाच.

पॅड सरळ झिजलाय की तिरका, तेही सांगा. एक टोक जाड, एक पातळ असेल तर बहुतेक एकच पिन अडकलीय, किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने रुतलेत.

घाटमाथा:

वरचं बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटलीय: ब्रेकचा रबरी होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल पोचवणारी नळी. जुना होज आतून फुगतो, बाहेरून धडधाकट दिसतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत मात्र येत नाही. मग नवा कॅलिपर टाकूनही ब्रेक चिकटतच राहतो आणि पैसे वाया जातात.

हे ओळखणं सोपं आहे. पुढची बाजू जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर कधीही नको), ब्रेक चार-पाच वेळा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड असेल तर कॅलिपरचं निपल (ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) थोडं सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता: होज किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग). निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर अडचण पिस्टन किंवा पिनांचीच.

खाडीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी शेजारच्या काकांना बोलावलं. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, हात अजून पक्का आहे.

निपल उघडल्यावर दोन थेंब आले, चाक जडच. म्हणजे होजवरचा संशय गेला. मग कॅलिपर उघडला आणि होजवर भार नको म्हणून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधला. वरची पिन बोटाने सरकली. खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, आत लाल चिखल आणि सुकून कडक झालेलं ग्रीस. पक्कडीने पिळून पिळून काढावी लागली. पॅडही तुम्ही म्हणालात तसा तिरका निघाला: एका टोकाला १.५, दुसऱ्याला ३.

पिस्टन मात्र सी-क्लॅम्पनेही जेमतेम आत गेला. धुळीचं रबर उचललं तर खाली गंजाचं कडं. काका म्हणाले, "पोरी, हा पॉलिश पेपरने घासून वापरायचा नाही." ते बरोबर आहे का? की नुसती सील किट टाकून भागेल?

पाना-पक्कड:

काकांचं ऐका. सील जिथे बसते त्या भागात खड्डे पडले असतील तर नवी सीलही थोड्या दिवसांत गळेल. पिस्टनसकट किट मिळाली तर ती घाला, पण कॅलिपरची आतली भिंतही खराब असेल तर पूर्ण कॅलिपर बदला. आणि उजवा 'चालतोय' म्हणून सोडू नका. तोही तेवढाच जुना आहे, त्याच खाऱ्या हवेत राहिलाय. निदान त्याच्या पिना साफ करा, रबरं नवी घाला.

पिनांना चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावू देऊ नका. खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन परत जाम. सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस मागा.

घाटमाथा:

ब्रेक ऑइलही पूर्ण बदला, हे घाटासाठी सांगतोय. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनांक नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी शिरल्यावर १४० पर्यंत येऊ शकतो. उतारावर ऑइल उकळून वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. शिवाय पाणी शिरलेल्या ऑइलने पिस्टन आतूनही गंजतो. कोकणातल्या दमटपणात दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. डिस्कची जाडीही मोजा, किमान माप तिच्यावरच कोरलेलं असतं.

खाडीकाठ:

काम झालं. डावा कॅलिपर पूर्ण नवा (आतली भिंतही खडबडीत निघाली), दोन्हीकडे पिनांची रबरं आणि सिलिकॉन ग्रीस, चारही पॅड नवे, ऑइल नवं. डिस्क किमान मापाच्या वर होती, नुसती साफ केली. निघण्यापूर्वी काकांनी पेडल कडक होईपर्यंत दाबायला लावलं. पिस्टन मागे रेटल्यावर पहिले काही दाब पोकळच जातात, हे मला माहीत नव्हतं, आणि हे न करता कुणी गाडी रस्त्यावर काढू नये.

काल कोल्हापूरहून आले. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले आणि साखरप्याला त्याच टपरीसमोर थांबून काकांच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क मोजल्या: डावी ९२ अंश, उजवी ८८. वास नाही. डावीकडची ओढही गेली. बाबांनी स्वतः खाली उतरून दोन्ही रिमजवळ हात धरून बघितला.

हजार किलोमीटर झाले की चाकं उतरवून चारही पॅड मोजते आणि मापं इथेच टाकते.