मदत हवी आहे: वनस्पती संयुगांचं डॉकिंग झालं, पण एन्झाइम असेसाठी (प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी) निवडायची कोणती?

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वनस्पतींमधली संयुगं करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएझवर (एमप्रो, प्रथिनं कापणारं एन्झाइम) डॉक करतेय, म्हणजे ती त्यात कशी आणि किती घट्ट बसतील याचा संगणकावर अंदाज घेतेय. एमप्रोची ६एलयू७ ही त्रिमितीय रचना घेतली, ऑटोडॉक व्हिना हे सॉफ्टवेअर वापरलं. यादी हातात आहे, आता त्यातली मोजकीच संयुगं एन्झाइम असेसाठी पाठवता येणार आहेत आणि गाडं इथेच अडलंय.

रुटिन सगळ्यात वर येतं, क्वेर्सेटिन बरंच खाली. दोघांत फरक फक्त साखरेचा. रुटिनचा रेणुभार ६१० च्या आसपास, हायड्रॉक्सिल गट दहा, म्हणजे स्कोअर (बांधणी किती घट्ट याचा अंदाजी आकडा; जितका जास्त उणे तितका चांगला) वाढायला भरपूर वाव. म्हणून रुटिनच्या पोझ (रेणू बसण्याच्या संभाव्य स्थिती) एकेक करून उघडून पाहिल्या. पहिलीत साखरेचा भाग एन्झाइमच्या एस१ खोबणीत शिरलाय आणि ग्लू१६६ या अमिनो आम्लाला हायड्रोजन बंध देतोय. दुसरीत रेणू चक्क उलटा, क्वेर्सेटिनचा भाग एस१ मध्ये. दोन्हींच्या स्कोअरमध्ये फरक ०.२ चा! व्हिनाच्या मूळ पेपरात प्रमाणित त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. मग दशांशातल्या फरकावर पहिला-दुसरा नंबर लावण्यात काय अर्थ? स्कोअरला जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंच्या संख्येने भागून पाहिलं तर यादी पार बदलते, पण मग अगदी छोटे रेणू वर येतात, तेही पटत नाही. तुम्ही रुटिनसारखी मोठी ग्लायकोसाइडं (साखर जोडलेली संयुगं) सरळ वगळता का?

दुसरा प्रश्न कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी घ्यायच्या ज्ञात संयुगाचा. ६एलयू७ मधला एन३ हा इनहिबिटर (एन्झाइमला अडवणारा रेणू) सिस्टीन१४५ या अमिनो आम्लाशी सहसंयुज बंधाने जोडलेला आहे आणि साध्या डॉकिंगमध्ये तो बंध मोजलाच जात नाही. तरी 'आमचं संयुग एन३ पेक्षा सरस' असं कितीतरी पेपरांत बिनधास्त लिहिलेलं असतं. निर्मट्रेल्व्हिर या औषधाचीही तीच अडचण. त्यापेक्षा एन्सिट्रेल्व्हिर हे असहसंयुज औषध त्याच्यासोबतच्या ७व्हीयू६ रचनेत पुन्हा डॉक करून आरएमएसडी (मूळ स्थितीपासूनचा सरासरी फरक) २ अँगस्ट्रॉमच्या आत येतो का, हे तपासणं मला जास्त योग्य वाटतं. तसं केलं तर बाकीची संयुगंही त्याच रचनेत नव्याने डॉक करावी लागतील ना? कारण खोबणीचा आकार लिगँडनुसार (आत बसलेल्या रेणूनुसार) बदलतो.

तिसरा प्रश्न प्रयोगशाळेतल्यांसाठी. क्वेर्सेटिन, कर्क्युमिनसारखी संयुगं गोळे करून कुठल्याही एन्झाइमला अडवतात, असे खोटे हिट ओळखायला असेमध्ये ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालतात हे वाचलंय. एमप्रोसाठी किती टक्के घालता? डीटीटीही (सिस्टीनचं ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) सोबत ठेवता का? सिस्टीन प्रोटिएझ असल्यामुळे ते फार गरजेचं वाटतं.

१०० नॅनोसेकंदांचं एमडी (रेणूंच्या हालचालींचं संगणकी सिम्युलेशन) कर, म्हणजे झालं, असं बरेच जण सुचवतात. पण मुळात पोझच चुकीची असेल तर एमडीने काय सिद्ध होणार? त्याआधी ज्ञात इनहिबिटर आणि डेकॉय (तसेच दिसणारे पण निष्क्रिय मानलेले रेणू) मिसळून, माझी पद्धत खऱ्यांना वर आणते का, ते बघायचा विचार आहे. हा क्रम बरोबर आहे का?

एवढं खोलात जातेय कारण अशा याद्यांवरून लोक काढे आणि गोळ्या घेऊ लागतात, आणि संगणकातला उणे नऊ हा आकडा रुग्णावरच्या परिणामाबद्दल काहीच सांगत नाही. माझ्या प्रबंधातून कुणी तसा अर्थ काढू नये असं मनापासून वाटतं.

ग्रिडचे आकडे आणि लॉग फायली हव्या असतील तर प्रतिसादात देते. ज्यांनी एमप्रोचं असे स्वतः केलंय त्यांनी कृपया जरूर लिहा.